बाळ जानेवारीत, हिशोब नोव्हेंबरात

ताईंना स. न. वि. वि.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. नवरा एच-वनबीवर (नोकरीचा व्हिसा), एका कन्सल्टिंग कंपनीत. मी एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा), सध्या घरीच. सव्विसावा आठवडा चालू आहे, तारीख १८ जानेवारीची दिली आहे. पहिलंच बाळंतपण. परवा एका मैत्रिणीने तिचं हॉस्पिटलचं बिल दाखवलं, एकूण ३१,००० डॉलर! त्या रात्री मला झोप नाही. त्यात माझ्या डॉक्टरच्या ऑफिसने हातात कागद ठेवलाय की तिसाव्या आठवड्याच्या आत ३,४०० डॉलर भरा.

आमचा सध्याचा प्लॅन हाय डिडक्टिबलवाला आहे. हप्ता महिना ३१०, कुटुंबाचं मिळून डिडक्टिबल (इन्शुरन्सने द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) ६,०००, त्यानंतर २० टक्के आमचे. आउट ऑफ पॉकेटची मर्यादा माणशी ७,५००, कुटुंबाची १३,०००. कंपनी एचएसएमध्ये (औषधोपचारासाठीचं करमुक्त बचत खातं) वर्षाला १,००० टाकते. यंदा आतापर्यंत आमचे १,९०० गेलेत. कंपनीचा दुसरा प्लॅन पीपीओ आहे: हप्ता महिना ५४०, डिडक्टिबल माणशी ७५०, नंतर १० टक्के, मर्यादा माणशी ३,५००, कुटुंबाची ७,०००. पण मी आधीच गरोदर आहे, आता प्लॅन बदलू देतील का? नवऱ्याचा प्रोजेक्ट डिसेंबरअखेर संपतोय, ती एक धास्ती. सासूबाई म्हणतात, सरळ साताऱ्याला ये, लाख-दीड लाखात सगळं नीट होईल. इथे म्हणे चोवीस तासांत घरी पाठवतात. ताई, मला यातलं काहीच कळत नाही. काय करू?

— झोप उडालेली, एडिसन

*

अगं, आधी त्या ३१,००० कडे बघू.

मी या देशात पंधरा वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काढली. असे आकडे रोज टाइप केले आहेत, म्हणून सांगते: मैत्रिणीने तुला दाखवला तो बहुतेक हॉस्पिटलने लावलेला भाव होता. तो तुळशीबागेतल्या पहिल्या भावासारखा. इन्शुरन्स कंपनीने हॉस्पिटलशी आधीच वेगळा दर ठरवलेला असतो, बिल त्या दरावर येतं, आणि त्यातला तुझा वाटा किती हे तुझा प्लॅन ठरवतो. तिला विचार, ‘तू स्वतः किती भरलेस?’ तो आकडा वेगळा निघेल.

खरे आकडेही सांगते. पीटरसन सेंटर आणि केएफएफ या आरोग्यखर्चाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांनी मोठ्या कंपन्यांच्या इन्शुरन्समधले २०१८ ते २०२० सालचे क्लेम तपासून २०२२ मध्ये हिशोब मांडला होता. गरोदरपण, डिलिव्हरी आणि त्यानंतरची देखभाल मिळून सरासरी १८,८६५ डॉलर, आणि त्यातले बाईच्या घरातून गेले २,८५४. नॉर्मल डिलिव्हरीला एकूण १४,७६८, सिझेरियनला २६,२८०. घरातून जाणाऱ्या रकमेत मात्र फार फरक नाही: २,६५५ आणि ३,२१४. सिझेरियन जवळपास दुपटीने महाग, पण बाईच्या खिशातला फरक साडेपाचशेच्या आसपास. असं होतं, कारण कुठेतरी वरची मर्यादा आडवी येते आणि पुढचं सगळं कंपनी भरते. ही मर्यादा म्हणजे आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम. तुझ्या सगळ्या कागदांवर पेनाने गोल कुठे काढायचा असेल तर तिथे. तुझा खरा धोका ३१,००० नाही. नेटवर्कमधल्या, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडच्या उपचारांसाठी यंदाच्या प्लॅनमध्ये तो जास्तीत जास्त १३,००० आहे आणि दुसऱ्यात ७,०००. ही रक्कमही लहान नाही, मला माहीत आहे. पण तिच्या वर जायचं नाही.

आता तारीख. १८ जानेवारी. अगं, ही तारीख कॅलेंडरात जिथे पडली आहे तिथे तुझा अर्धा प्रश्न सुटतो आणि अर्धा तयार होतो. डिडक्टिबल १ जानेवारीला पुन्हा शून्यावर येतं. यंदा गेलेले १,९०० डॉलर त्या दिवशी पुसले जाणार, डिलिव्हरीच्या बिलासाठी त्यांचा उपयोग नाही. हे वाईट. चांगलं असं की नोव्हेंबरच्या सुमारास तुमच्या कंपनीचं ओपन एनरोलमेंट (वर्षातून एकदा प्लॅन निवडायची मुदत) असेल, तेव्हा प्लॅन बदलता येतो आणि नवा प्लॅन बरोबर १ जानेवारीपासून लागू होतो, म्हणजे बाळाच्या अडीच आठवडे आधी. ज्यांची तारीख ऑगस्टमध्ये असते त्यांना ही सोय नाही. नुसतं गरोदर राहिलं म्हणून कंपनीचा प्लॅन वर्षाच्या मधे बदलता येत नाही, बाळ जन्मल्यावरच ती खिडकी उघडते. तुला मात्र बदलायची संधी बाळाच्या आधीच आपसूक मिळाली आहे.

‘आधीच गरोदर आहे तर घेतील का’ हा प्रश्न तुझ्या मनात भारतातून आला आहे. तिकडे पॉलिसीत मॅटर्निटीला वेटिंग पीरियड असतो, काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत, त्यामुळे आपल्या डोक्यात बसलेलं असतं की पोट दिसायला लागलं की दार बंद. इथे तसं नाही. गरोदरपण हा ‘आधीचा आजार’ धरता येत नाही, हे कंपन्यांच्या प्लॅनसाठी १९९६ च्या हिपा कायद्यापासून पक्कं आहे. पंधरा किंवा जास्त नोकर असलेल्या कंपनीच्या प्लॅनला गरोदरपणाचा खर्च इतर आजारांसारखाच द्यावा लागतो, तो कायदा १९७८ चा. स्वतः विकत घ्यायच्या पॉलिसीत मात्र २०१४ पर्यंत फार हाल होते. बऱ्याच पॉलिसींत मॅटर्निटी नसायचीच, वेगळे पैसे भरून जोडावी लागायची. ओबामांच्या काळातल्या कायद्याने ती सक्तीची झाली. माझ्या ओळखीतल्या एकीने त्या आधीच्या काळात सिझेरियनचे हप्ते फेडले आहेत, मुलगी शाळेत जायला लागली तरी फेडत होती.

तर नोव्हेंबरात काय निवडायचं? बस, कागद घे. आपण धरून चालू की कंपनीने ठरवलेल्या दराने डिलिव्हरीचं तुझं बिल २०,००० झालं, आणि बाळाचं ४,०००.

बाळाचं वेगळं का, असं विचारशील. सगळेच विचारतात. बाळ बाहेर आलं की त्या मिनिटापासून तो दुसरा पेशंट. त्याची फाइल वेगळी, बिल वेगळं, डॉक्टर वेगळा, आणि पीपीओसारखं माणशी डिडक्टिबल असेल तर तेही वेगळं. ते तुझ्या खोलीत तुझ्या कुशीत झोपलेलं असलं तरी त्याच्या नावावर नर्सरीचं भाडं लागतं. मी बिलिंगमध्ये असताना नव्या बापांचे सगळ्यात जास्त फोन याच ओळीवर यायचे: ‘बाळ तर नर्सरीत गेलंच नाही!’ गेलं नाही, खरंय. तरी लागतं. (२०१६ साली युटामधल्या एका बापाने बिल जगाला दाखवलं होतं. त्यात सिझेरियननंतर बाळाला आईच्या छातीशी धरू दिल्याबद्दल ३९.३५ डॉलर लावलेले होते. हॉस्पिटलचं म्हणणं, त्या वेळी एक जादा नर्स लागते. हसावं की काय करावं!)

आता तुझा सध्याचा प्लॅन २०२६ मध्येही तसाच ठेवलास तर: पहिले ६,००० तुमचे. उरलेल्या १४,००० वर २० टक्के म्हणजे २,८००. बेरीज ८,८००, पण तुझी एकटीची मर्यादा ७,५००, तिथे थांबायचं. बाळाच्या ४,००० वर २० टक्के, ८००. झाले ८,३००. वर्षाचे हप्ते ३,७२०. कंपनीचे १,००० वजा कर. ११,०२०.

पीपीओ घेतलास तर: तुझे ७५०, उरलेल्या १९,२५० चे दहा टक्के १,९२५, मिळून २,६७५. बाळाचे ७५० आणि ३२५, म्हणजे १,०७५. एकूण ३,७५०. हप्ते ६,४८०. बेरीज १०,२३०.

बघितलंस? बिलाच्या वेळी पीपीओ निम्म्याहून कमी वाटतो, पण वर्षभराचे हप्ते धरले की फरक उरतो आठशेच्या आत. जाहिरातीत आणि मैत्रिणींच्या गप्पांत हप्ते कुणी धरत नाही. म्हणूनच मी कुणालाही डोळे मिटून ‘पीपीओच घे’ असं सांगत नाही.

पण तुला सांगेन. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेलं, तुझं सिझेरियन झालं, दोन्ही मर्यादा गाठल्या, तर पहिल्या प्लॅनमध्ये वर्षाचे १५,७२० जातील आणि दुसऱ्यात १३,४८०. वाईटातल्या वाईट दिवशी सव्वादोन हजार वाचतात. आणि त्याहून मोठं म्हणजे जानेवारीत एकदम हातातून जाणारी रक्कम निम्मी होते. हप्ते पगारातून थोडे थोडे जातात, डिडक्टिबल एका झटक्यात मागतात. एका पगारावर चाललेल्या घराला हा फरक पुष्कळ असतो. २०२७ साठी पुन्हा हिशोब कर, तेव्हा कदाचित उलटं उत्तर येईल. बाळाच्या नेहमीच्या तपासण्या आणि लसी नेटवर्कमध्ये दोन्हीकडे फुकटच असतात.

पीपीओ घेतलास की आणखी एक दार उघडतं, ते फार कमी लोकांना माहीत आहे: एफएसए, म्हणजे औषधोपचारासाठी पगारातून पैसे बाजूला टाकायचं खातं. कंपनीने ठेवला असेल तर २०२६ साठी त्यात ३,४०० डॉलरपर्यंत करमुक्त टाकता येतात. पैसे कापले जातात वर्षभर, प्रत्येक पगारातून थोडे, पण वापरायला सगळे पहिल्या दिवसापासून मिळतात. म्हणजे १८ जानेवारीला एकच पगार झालेला असला तरी पूर्ण ३,४०० डिलिव्हरीला वापरता येतील. नवऱ्याने पुढे नोकरी सोडली तरी वापरलेले पैसे परत मागत नाहीत. वर काढलेल्या ३,७५० तली बहुतेक रक्कम यातच बसते. एचएसएवाल्या प्लॅनबरोबर हा साधा एफएसए चालत नाही, म्हणून ही सोय पीपीओलाच. एचएसएमध्ये आधी साठलेले पैसे मात्र तुमचेच राहतात आणि तेही याच खर्चाला वापरता येतात, फक्त नवे टाकता येत नाहीत.

निवडण्याआधी एक काम: तुझी डॉक्टर, तुझं हॉस्पिटल आणि बाळासाठी बघून ठेवलेला पेडियाट्रिशियन नव्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहेत का ते विचार. वेबसाइटवर बघून भागत नाही, ती यादी जुनी असते. फोन कर आणि बोलणाऱ्याकडून कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घे. भूल देणारा डॉक्टर नेटवर्कबाहेरचा निघाला तर काय, ही भीती मात्र आता ठेवू नकोस. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सरप्रायझेस कायद्याने नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात एपिड्युरल देणाऱ्या किंवा एनआयसीयूत बाळ बघणाऱ्या डॉक्टरला वरचे पैसे तुझ्याकडून मागता येत नाहीत. त्याआधी याच बिलांनी माणसं मेटाकुटीला यायची. हा कायदा डॉक्टरच्या क्लिनिकमधून बाहेरच्या लॅबकडे गेलेल्या रक्ताला मात्र साधारण लागू होत नाही, त्यामुळे जनुकीय तपासणीसारखं काही पाठवत असतील तर ‘कुठल्या लॅबला?’ हा प्रश्न सुई टोचायच्या आधी. रस्त्यावरच्या अँब्युलन्सलाही नाही. जिवाचा प्रश्न असेल तर ९११ फिरवताना पैशाचा विचार करायचा नाही, पण साध्या कळा सुरू झाल्या तर नवऱ्याची गाडी बरी.

आता तो ३,४०० चा कागद. माझ्या मते सगळ्यात आधी याच्याकडे बघायला हवं, कारण मुदत जवळ आहे. गरोदरपणाच्या तपासण्या, डिलिव्हरी आणि नंतरची तपासणी मिळून डॉक्टरचं एकच बिल असतं, आणि ते डिलिव्हरी झाल्यावर जातं. म्हणजे तुझं जाणार जानेवारीत. ऑफिसमधल्या बाईने तुझा वाटा काढला असणार यंदाच्या डिडक्टिबलवर, यंदाच्या प्लॅनवर. तो हिशोब तुझ्या बाबतीत चुकीचाच आहे. शिवाय हॉस्पिटलचा क्लेम आधी पोचला तर डिडक्टिबल तिकडेच संपतं आणि डॉक्टरकडे भरलेले पैसे जास्तीचे ठरतात, मग परताव्यासाठी महिने घालवा. त्यांना सांग: तारीख जानेवारीची आहे, प्लॅन बदलण्याची शक्यता आहे, नोव्हेंबरनंतर नवा अंदाज काढून द्या, तोवर थोडा हप्ता चालेल का? बहुतेक ऑफिसं ऐकतात. जे काही भरशील त्यावर ‘जास्त झाल्यास परत’ असं लेखी घे. भांडायचं नाही, त्या बाईशी तुला अजून बरेच महिने बोलायचं आहे.

आणि प्लॅन खरोखर बदललास तर डिसेंबरात त्यांना कळव, कारण मग ते एकच बिल तोडावं लागतं: ३१ डिसेंबरपर्यंतच्या तपासण्या जुन्या प्लॅनला, डिलिव्हरी नव्याला. हे न सांगितल्यामुळे क्लेम नाकारले जातात आणि बाळ दोन महिन्यांचं असताना आई एका हाताने फोन धरून होल्डवरचं संगीत ऐकत बसते. तोडलेल्या बिलातला थोडा भाग जुन्या डिडक्टिबलमध्ये जाऊ शकतो. वरच्या आकड्यांत तो मी धरलेला नाही.

बाळाने घाई केली आणि डिसेंबरातच आलं तर? मग यंदाचाच प्लॅन लागू, आणि तुझे १,९०० कामाला येतील, बाकी गणित पहिल्यासारखं. अ‍ॅडमिट ३१ डिसेंबरला आणि डिलिव्हरी १ जानेवारीला अशी गंमत झाली तर कुठलं बिल कुठल्या वर्षात, हे इन्शुरन्स कंपनीला आत्ताच विचारून ठेव. त्या रात्री कुणाला सुचणार नाही.

चोवीस तासांचं जे ऐकलंस ती जुनी गोष्ट. नव्वदीच्या दशकात खरंच तसं करायचे, लोक त्याला ‘ड्राइव्ह-थ्रू डिलिव्हरी’ म्हणायचे, बर्गर घेऊन गाडी पुढे काढावी तसं. त्यावर ओरड झाली. न्यू जर्सीने १९९५ मध्येच कायदा केला आणि १९९६ मध्ये केंद्राचा आला. नॉर्मल झाल्यावर ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तास, त्याहून कमी मुक्कामावर इन्शुरन्स कंपनी अडवू शकत नाही. तास डिलिव्हरीपासून मोजायचे. तुला लवकर घरी जायचं असेल आणि डॉक्टरला पटलं तर जा. हाकलत मात्र नाहीत.

साताऱ्याचं काय म्हणू? पहिलं बाळंतपण माहेरी हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की सासूबाई स्वतः बोलावतायत यात तुझं नशीबच आहे. पण फक्त पैशासाठी जाऊ नकोस. विमान कंपन्या शेवटच्या महिन्यांत डॉक्टरचं पत्र मागतात आणि पुढे घेतच नाहीत, म्हणजे निघायचं तर आत्ताच. इथला इन्शुरन्स तिकडच्या ठरवून केलेल्या डिलिव्हरीचे पैसे सहसा देत नाही. परत येताना बाळाचा भारतीय पासपोर्ट, त्याचा एच-फोर व्हिसा, तुझ्या पासपोर्टवर शिक्का नसेल तर तुझाही. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बाप इकडे आणि बाळ तिकडे. तुझ्या मनाला आई आणि माणसंच हवी असतील, तर तो वेगळा निर्णय, आणि तो चुकीचा नाही. फक्त त्याला ‘स्वस्त’ असं नाव देऊ नका.

नवऱ्याच्या प्रोजेक्टबद्दल. कन्सल्टिंगमध्ये प्रोजेक्ट संपणं म्हणजे नोकरी संपणं नव्हे, हे तुला माहीतच आहे. पण समजा डिसेंबरात नोकरीच गेली. वीस किंवा जास्त नोकरांची कंपनी असेल तर कोब्रा मिळतो: तोच प्लॅन, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर दोन टक्के. हप्त्याचा आकडा बघून छातीत धस्स होईल. मात्र त्यात एक सवलत दडलेली आहे. निवडायला ६० दिवस मिळतात, आणि निवडलं की तो मागच्या तारखेपासून लागतो. म्हणजे नोकरी गेली आणि दुसऱ्या आठवड्यात डिलिव्हरी झाली, तरी नंतर कोब्रा घेऊन ते बिल त्यात बसवता येतं. दरम्यान नवऱ्याला दुसरीकडे नोकरी लागली तर तिथला इन्शुरन्स, तिथेही गरोदरपण आड येणार नाही. किंवा राज्याच्या ‘गेट कव्हर्ड एनजे’ या इन्शुरन्स विकत घ्यायच्या वेबसाइटवरून पॉलिसी. एच-वनबी आणि एच-फोरवाल्यांनाही ती घेता येते, आणि नोकरीबरोबर इन्शुरन्स गेला की त्यासाठीही ६० दिवस असतात. नोकरी गेल्यावर एच-वनबीवाल्यांना देशात राहायला मिळणारे ६० दिवस हे वेगळं घड्याळ, ते इन्शुरन्सच्या घड्याळात मिसळू नका. एक करू नका: स्वस्तातली शॉर्ट-टर्म पॉलिसी घेऊ नका. त्यात मॅटर्निटी सहसा नसतेच. एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) असलेल्या वाचकांनीही हे ऐकून ठेवावं. युनिव्हर्सिटीचा महागडा प्लॅन नको म्हणून बाहेरची पॉलिसी घेता, तेव्हा ‘मॅटर्निटी’ हा शब्द त्यात शोधा.

बिलं यायला लागली की पहिलं पत्र येईल इन्शुरन्स कंपनीचं, त्यावर ‘हे बिल नाही’ असं लिहिलेलं असेल. ते खरंच बिल नसतं, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं. हॉस्पिटलच्या बिलातला आकडा त्या पत्रातल्या ‘तुमचा वाटा’शी जुळेपर्यंत एक डॉलर भरू नकोस. जुळत नसेल तर ओळीवार बिल माग. मी स्वतः लिहिलेल्या बिलांत चुका सापडलेल्या आहेत, त्यामुळे लाजायचं कारण नाही. क्लेम नाकारला तर अपील करायला १८० दिवस असतात. आणि खरंच झेपत नसेल तर बिनव्याजी हप्ते माग. हॉस्पिटल ना-नफा असेल तर आर्थिक मदतीचा फॉर्म माग, तो ठेवणं त्यांना कायद्याने भाग आहे आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज घ्यावा लागतो. आमच्या खिडकीवर आपले लोक हा फॉर्म क्वचितच मागायचे. ‘ते आपल्यासाठी नसतं,’ म्हणायचे. उत्पन्नाची अट बघितल्याशिवाय कसं कळणार?

ब्रेस्ट पंप इन्शुरन्समधून फुकट मिळतो, शेवटच्या तीन महिन्यांत मागवून ठेव. आई येणार असेल तर तिची व्हिजिटर पॉलिसी वेगळी घ्या, तिचा तुझ्या प्लॅनशी संबंध नाही.

शेवटचं, आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेव. बाळ जन्मल्यापासून ३० दिवसांच्या आत नवऱ्याने एचआरच्या पोर्टलवर बाळाला प्लॅनमध्ये घालायचं. इन्शुरन्सवाल्यांना फोन करून भागत नाही, हॉस्पिटलने कळवलं असेल असं धरायचं नाही. वेळेत केलं तर जन्मदिवसापासून लागू होतं. ३० दिवस उलटले तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत बाळ कंपनीच्या प्लॅनबाहेर राहू शकतं, आणि हॉस्पिटलची त्याची बिलं तुमच्या अंगावर येऊ शकतात. सोशल सिक्युरिटी कार्ड यायला काही आठवडे लागतात, त्यासाठी थांबू नका, नंबर नंतर घालता येतो. आमच्या लोकांचं घोडं अडतं ते नावावर. पत्रिका काढायची, अक्षर यायचं, आत्या ठरवणार, तिकडची मंडळी झूमवर येणार. हॉस्पिटलमध्ये जन्मनोंदीचा फॉर्म घरी जायच्या आतच पुढे करतात, तेव्हा दोन नावं तरी ठरवून जा. १८ तारखेला झालं तर बारावा दिवस २९ जानेवारी. बारसं त्या दिवशी थाटात करा, पण एचआरचा फॉर्म त्याच्या आधी गेलेला असू दे.